घरातला कुत्रा पोरांवर गुरगुरतो, चावतो: काय करायचं आणि कुठल्या क्रमानं

कुत्रा ठेवायचा की देऊन टाकायचा, हा प्रश्न आज रात्री सोडवायचा नसतो. कुत्रा पोरावर गुरगुरला किंवा चावलाच, की घरात लगेच दोन पार्ट्या पडतात. एकीचं म्हणणं 'उद्याच्या उद्या घालवा', दुसरीचं 'त्यानंच शेपूट ओढली असणार'. दोघांचंही ऐकून घ्या आणि निर्णय किमान दहा दिवस पुढं ढकला. दहाच दिवस का, त्याला वैद्यकीय कारण आहे, ते पुढं येईल. तोवर करायचं काम एकच: मूल आणि कुत्रा यांच्यामध्ये बंद दार. हा लेख लॅब, शेफर्ड, पॉमेरियन, कारवान, गावठी, सगळ्यांसाठी आहे. जात बघून वाचायचं सोडू नका, कारण पॉमेरियनचे दातही दोन वर्षांच्या मुलाच्या गालात सहज घुसतात.

चावा बसलाय? मग आधी जखम

कुत्र्यानं मुलाला पकडून ठेवलं असेल तर मुलाला ओढू नका, मांस फाटतं. कुत्र्याला मारूही नका, पकड आणखी घट्ट होते. तोंडावर बादलीभर पाणी ओता, डोक्यावर जाड चादर टाका किंवा मागून गळपट्टा धरून वर पिळा, तोंड उघडेपर्यंत. सुटल्याबरोबर एकानं मुलाला उचलायचं, दुसऱ्यानं कुत्र्याला खोलीत घालून कडी लावायची.

जखम वाहत्या नळाखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण रडणाऱ्या पोराला धरून पाच मिनिटं धुतलं तरी अर्धा तास झाल्यासारखा वाटतो. रेबीजचा विषाणू साबणानं मरतो, म्हणून पुढच्या सगळ्या उपचाराचा पाया या धुण्यात आहे. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावायचं. तिखट, हळद, चुना, तेल, चहापावडर यातलं काहीही जखमेत भरायचं नाही. आजी आग्रह करील, पण इथं आजीचं ऐकायचं नाही. घट्ट पट्टी बांधू नका. टाके घालायचे का, ते डॉक्टरांना ठरवू द्या. घाईनं घातलेल्या टाक्यांमुळं विषाणू खोल ढकलला जाऊ शकतो.

मग कोल्हापुरात असाल तर थेट सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय), नाहीतर जवळचं सरकारी रुग्णालय. तालुक्यात असाल तर ग्रामीण रुग्णालय, पण निघण्यापूर्वी फोन करून लस आणि सीरम दोन्ही आहेत का ते विचारून घ्या. लस बहुतेक ठिकाणी मिळते. सीरम, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, सगळीकडं असेलच असं नाही.

डॉक्टर चाव्याचे तीन प्रकार करतात. कातडी शाबूत आणि नुसतं चाटलंय, तो पहिला प्रकार, त्याला धुणं पुरे. रक्त न येता ओरखडा किंवा चिमटल्यासारखं झालंय, तो दुसरा, त्याला लस. दात कातडीतून आत गेलाय, रक्त आलंय, फुटलेल्या कातडीवर, तोंडात वा डोळ्यात लाळ गेलीय, तो तिसरा, त्याला लस आणि सीरम दोन्ही. चेहरा, डोकं, मान आणि हात इथला चावा तिसऱ्या प्रकारात धरला जातो, आणि लहान मुलांना चावा बहुतेक वेळा तिथंच बसतो, कारण त्यांचं तोंड आणि कुत्र्याचं तोंड एकाच उंचीवर असतं. सीरम जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. मुलाला दुखतं, पण ते टाळून नुसती लस घेऊन येऊ नका. लसीतून प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात, तेवढ्या काळाचं संरक्षण सीरम देतं.

पहिला डोस घेतला तो दिवस शून्य. स्नायूत देतात ती लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. लहान बाळांना मांडीत, मोठ्यांना दंडात. कुल्ल्यात कधीच नाही. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली, तेव्हा त्या भीतीनं कुणी थांबू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथंच विचारा.

'आपल्या कुत्र्याला दरवर्षी लस देतो की' म्हणून दवाखाना टाळणं ही नेहमीची चूक. लस दिलेल्या कुत्र्याचा चावा असला तरी मुलाची लस सुरू करायची आणि कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायची. कुत्रा रेबीजचा असेल आणि चावताना लाळेत विषाणू असेल, तर तो या दहा दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवस ठणठणीत राहिला, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही. पुढचे डोस द्यायचे की नाही, ते तेव्हा डॉक्टर सांगतील. स्वतःहून बंद करू नका.

म्हणूनच चावलेला कुत्रा रागाच्या भरात कुठं सोडून येणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे: पुरावाच हातातून जातो. या काळात आवाज बदलला, जबडा लोंबला, लाळ गळायला लागली, माती-लाकूड चावायला लागला किंवा ओळखीच्यांवर धावून आला, तर तोंडात हात घालून 'घशात हाड अडकलंय का' बघू नका. खोलीला कडी, आणि पशुवैद्याला फोन. मेला तर न सांगता पुरू नका. मेंदूचा नमुना तपासता येतो आणि त्यावर मुलाचा पुढचा उपचार ठरतो.

आजपासूनच वेगळं, आणि दोन दारांचा नियम

'लक्ष ठेवतो' याचा अर्थ घराघरात वेगळा असतो. मोठं माणूस हाताच्या अंतरावर आहे, हात मोकळे आहेत, मोबाइल बाजूला आहे आणि नजर कुत्र्यावर आहे, एवढं सगळं असेल तरच ते लक्ष. स्वयंपाकघरातून डोकावणं म्हणजे लक्ष नव्हे. चावा बसायला एक सेकंदही पुरतो. एवढं लक्ष दिवसभर कुणालाच जमत नाही, म्हणून भिंती आणि दारं वापरायची.

एकट्या दारावर भिस्त ठेवू नका. कामवाल्या मावशी बादली घेऊन बाहेर पडताना दार उघडं राहतं, शेजारचं पोरगं चेंडू मागायला आत येतं, वाऱ्यानं कडी निघते. चार वर्षांचं पोर स्टूल ओढून कडी काढतं, हे तर सांगायलाच नको. म्हणून कुत्रा आणि मूल यांच्यामध्ये नेहमी दोन अडथळे असावेत: खोलीचं दार आणि जाळीचा गेट, किंवा गेट आणि पट्टा. एक चुकला तरी दुसरा उभा राहतो.

बाजारात मिळणारे बाळाचे गेट सव्वादोन-अडीच फूट उंच असतात. जर्मन शेफर्ड तो टांग टाकून ओलांडतो. आपल्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून दाराच्या मापाचा गेट करून घेता येतो. सांगताना एवढं सांगा: उंची किमान चार फूट, उभ्या गजांमधलं अंतर जास्तीत जास्त तीन इंच, म्हणजे बाळाचं डोकं अडकणार नाही, खालच्या अडीच फुटांत पोराचं बोट शिरणार नाही एवढ्या बारीक भोकांची वेल्डमेश (तारेची जाळी), म्हणजे कुत्र्याचा जबडाही बाहेर येणार नाही, आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा बिजागर, आणि कडी वरच्या टोकाला, कुत्र्याच्या बाजूनं नव्हे तर बाहेरून. आडवे गज नकोत, पोरं शिडीसारखी चढतात. वेल्डिंगचे काटे घासून घ्यायला सांगा.

अंगणात साखळीनं बांधून ठेवणं हे वेगळं ठेवणं नाही. बांधलेल्या कुत्र्याला पळून जायची वाट नसते, म्हणून घाबरला की त्याच्याकडं चावणं एवढंच उरतं. आणि साखळी जिथवर पोचते ते वर्तुळ मोठ्या माणसाला कळतं, धावणाऱ्या पोराला कळत नाही. बांधायची वेळ आलीच तर ती खोलीत, दार लावून.

वेगळा ठेवला म्हणजे कोंडून घातला असं होऊ देऊ नका. दिवसातून दोनदा, मुलं शाळेत किंवा झोपेत असताना, चाळीस-चाळीस मिनिटं फिरवून आणा. पट्टा सहा फुटांचा साधा; लांबत जाणारा बटणाचा नको. थकलेला, हुंगून समाधान झालेला कुत्रा बंद खोलीत झोपतो. न फिरवलेला दार खरवडतो, भुंकतो आणि मुलाच्या पावलांच्या आवाजावरच चिडायला शिकतो.

पशुवैद्य, आणि ट्रेनरच्या आधी पशुवैद्य

चिडका झालेला कुत्रा कित्येकदा दुखणाईत असतो. कान पिकलाय, दाढ किडलीय, कंबरेचा सांधा घासतोय, डोळ्यात मोतीबिंदू आहे, गोचीड-ताप अंगात आहे. चांगला पाच वर्षं पोरांत वाढलेला कुत्रा अचानक डाफरायला लागला, तर आधी दुखणं शोधायचं, स्वभाव नंतर. लॅब आणि शेफर्डला माकडहाडाकडं हात लावला की वळून बघणं ही खूण सांध्याची. डोकं एका बाजूला झुकवतो, कानाशी हात नेला की दचकतो, ही खूण कानाची.

दवाखान्यात नुसतं 'चावतो' सांगू नका, 'वर्तन बदललंय, दुखणं आहे का बघायचंय' असं सांगा. तपासून काय घ्यायचं: दात, कान, डोळे, कंबर-गुडघे, रक्ताची पूर्ण तपासणी, गोचीड-तापाची चाचणी, आणि वयस्क असेल तर थायरॉइड. घरातल्या पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनच्या गोळ्या दुखण्यावर म्हणून देऊ नका, कुत्र्याला त्या विषारी ठरतात. झोपेच्या गोळ्या घालून शांत ठेवायचा विचारही सोडा. गुंगीतला कुत्रा घाबरून जास्त बेभरवशाचा होऊ शकतो. भीती फारच असेल तर पशुवैद्य रोजची औषधं देतात, पण फ्लुओक्सेटिनसारख्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात.

नसबंदीबद्दल एक गैरसमज पक्का आहे. नसबंदीनं नराचं भटकणं, दुसऱ्या नरांशी भांडणं कमी होतं. पोरांच्या भीतीनं किंवा हाडाच्या राखणीपायी गुरगुरणारा कुत्रा केवळ तेवढ्यानं बदलत नाही. करायची तर करा, पण हा उपाय म्हणून त्यावर विसंबू नका. पिल्लं असलेल्या मादीचं मात्र वेगळं आहे. तिचं डाफरणं पिल्लं मोठी होईपर्यंतचं असू शकतं, तोवर तिच्या खोलीकडं कुणीच फिरकू नये.

गुरगुरण्याला मारू नका

गुरगुरणं हा इशारा आहे, आणि इशारा देणारा कुत्रा न देणाऱ्यापेक्षा बरा. गुरगुरला की चपलेनं हाणणारा मालक त्याला एवढंच शिकवतो की आवाज काढू नकोस. आतली भीती तशीच राहते, आवाज जातो, आणि मग तो 'काही न करता एकदम चावला'. पाठीवर पाडून दाबून धरणं, 'मालक कोण ते दाखवणं', यानंही तेच होतं, शिवाय दाबणाऱ्याच्या हाताला दात लागतात.

गुरगुरण्याच्या आधीही कुत्रा बरंच बोलून गेलेला असतो. मूल जवळ आलं की तोंड फिरवतो, भूक नसताना जिभेनं ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो. डोकं जागेवर ठेवून फक्त डोळे वळवतो आणि डोळ्याच्या कडेला पांढऱ्या रंगाची कोर दिसते. त्यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं: तो थिजतो. थाळीत तोंड घालून खाणारा कुत्रा एकदम खायचं थांबवतो, मान खाली तशीच, श्वासही अडकल्यासारखा, शेपटी ताठ. हा थिजलेला एक-दोन सेकंदांचा काळ चाव्याच्या अगदी आधीचा. त्या क्षणी कुत्र्याला हाक मारून दूर बोलवा किंवा मुलाला मागं उचलून घ्या, पण दोघांच्या मध्ये हात घालू नका. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, हेही खरं नाही. उंच, ताठ आणि बारीक थरथरणारी शेपटी तणावाची असते.

पाच वर्षांखालच्या मुलाला यातलं काही वाचता येत नाही. दात दाखवलेलं तोंड त्याला 'हसतोय' वाटतं. म्हणून 'त्याला शिकवलंय' हा बचाव त्या वयात टिकत नाही. सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना मात्र चार गोष्टी शिकवून ठेवाव्यात: झोपलेल्या आणि खाणाऱ्या कुत्र्याजवळ जायचं नाही, मिठी मारायची नाही, अंगावर आला तर हात छातीशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं, पडलो तर पोटात पाय घेऊन मान हातांनी झाकायची. पळायचं नाही, ओरडायचं नाही.

कॅलेंडरवर नोंद

दुधाचा हिशेब लिहितो त्याच कॅलेंडरच्या चौकोनात रोज लिहा: किती वाजता, कुठं, मूल काय करत होतं, कुत्रा त्याच्या लगेच आधी काय करत होता, किती फुटांवर, काय केलं, कसं शांत झालं. घरातल्या सगळ्यांनी लिहायचं, फक्त कुत्र्यावर प्रेम असणाऱ्यानं नाही. त्याच्या डोळ्यांना बरंच दिसत नाही.

दोन-तीन आठवड्यांत आकार दिसतो. बऱ्याच घरांत तो रविवारी दुपारी दिसतो: मटणाचं हाड घेऊन कुत्रा कोचाखाली जातो आणि पोर रांगत त्याच्याकडं. आखाडातल्या जेवणावळींत तर रोजच. (शिजवलेली हाडं टोकदार तुटून आतडं फाडतात, म्हणून ती देऊच नयेत, हा भाग वेगळा.) काही घरांत आकार गणपतीत दिसतो: डॉल्बीनं तीन रात्री न झोपलेला कुत्रा चौथ्या दिवशी पाहुण्यांच्या पोरावर तोंड टाकतो. दिवाळीत फटाक्यांमुळं तेच. आकार सापडला की टाळण्याजोगं काहीतरी हातात येतं. महिनाभर लिहूनही सापडला नाही, कधी अंगणात, कधी झोपेतून उठून, कधी काहीच नसताना, तर तेही उत्तरच आहे, आणि ते चांगलं नाही.

चावा कसा होता, त्यावरून पुढचं

प्राणिवर्तनाचे जाणकार इयान डनबार यांनी चाव्याच्या सहा पायऱ्या मांडल्या आहेत, त्या कुत्र्यांबरोबर काम करणारे जगभर वापरतात. पहिली: धावून येणं, हवेत तोंड मारणं, स्पर्श नाही. दुसरी: दात लागले पण भोक नाही. तिसरी: एका चाव्यात एक ते चार भोकं, खोली सुळ्याच्या निम्म्यापेक्षा कमी. चौथी: भोक निम्म्या सुळ्यापेक्षा खोल, भोवती काळंनिळं, धरून ठेवल्याच्या किंवा झटकल्याच्या खुणा. पाचवी: एकाच हल्ल्यात असे अनेक खोल चावे. सहावी: मृत्यू.

पहिल्या दोनांत कुत्रा तोंड आवरतोय; काम करायला जागा आहे. तिसरीत घर कसं आहे त्यावर सगळं अवलंबून. चौथीपासून पुढं, लहान मुलं असलेल्या घरात तो कुत्रा ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, मग चुकी कुणाचीही असो. ज्यानं एकदा झटकून चावा घेतलाय त्याचा पुढचा चावा हलका असेल असं धरून चालता येत नाही, आणि पुढचा चावा मुलाच्या मानेवर बसू शकतो.

चाव्याच्या जोडीला स्वतःला हे प्रश्न विचारा. इशारा देतो का? कारण ठाऊक आहे का आणि ते रोज टाळता येतं का? मूल किती वर्षांचं आहे? सहा महिन्यांचं पालथं पडणारं बाळ म्हणजे पुढं रांगणं, चालणं, धडपडणं असा तीन-चार वर्षांचा धोका. नऊ वर्षांची मुलगी म्हणजे सांगितलेलं ऐकणारी. कुत्र्याचं वजन किती? पाच किलोच्या आणि पस्तीस किलोच्या जबड्यात फरक आहेच. घरात दार बंद होईल अशी एक जादा खोली आहे का? राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जे जमत नाही ते पाचगावातल्या मोकळ्या घरात जमेल. घरातलं कुणी मोठं माणूस त्या कुत्र्याला घाबरतं का? घाबरत असेल तर त्याच्या हातून कडी लावणं, पट्टा घालणं नीट होणार नाही.

आणि शेवटचा प्रश्न, ज्यावर बहुतेक घरांचा बेत फसतो: हे सगळं रोज कोण करणार आहे, किती वर्षं? सकाळी दूध, डबे, शाळेची रिक्षा या धांदलीत दोन दारांचा नियम पाळला जाणार आहे का? कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. 'आम्ही सगळे मिळून' हे उत्तर धरायचं नाही, नाव लागतं.

ठेवायचा ठरला तर

मझल, म्हणजे कुत्र्याच्या तोंडाला बांधायचं आवरण, घेताना जाळीचा, टोपलीसारखा घ्या. त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळून बांधणारा कापडी मझल फक्त दवाखान्यात दोन-चार मिनिटांपुरता. एप्रिल-मेच्या उन्हात तोंड बांधलेला कुत्रा तापून मरू शकतो, कारण त्याचं अंग धापेनंच थंड होतं. माप घेताना डोळ्यांच्या एक इंच खाली, तोंड किंचित उघडं असताना घेर मोजा, आणि नाकाच्या टोकापासून त्या जागेपर्यंत लांबी. नाकापुढं सुमारे एक सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे.

पहिल्याच दिवशी बांधू नका. आधी दोन दिवस आतून दही चोपडून हातात धरायचा, तो स्वतः तोंड घालील आणि काढील. मग तोंड आत असताना दोन सेकंद, पाच, दहा. मग पट्टा मागं नुसता टेकवायचा. मग लावून लगेच काढायचा. मग अर्धा मिनिट, आणि तसं वाढवत पंधरा मिनिटं. आठ-दहा दिवस लागतात. पंजानं ओरबाडायला लागला तर एक पायरी मागं. घाईनं बांधला की मझल दिसताच कोचाखाली जाणारा कुत्रा तयार होतो. मझल लावलेला कुत्राही मुलापाशी मोकळा सोडायचा नसतो. पस्तीस किलोचा धक्का पोराला पाडायला पुरतो.

ओळख बदलण्याचं काम असं: कुत्रा मझल आणि पट्ट्यासह एका मोठ्या माणसाजवळ, मूल दुसऱ्या मोठ्याजवळ बसून चित्र काढतंय, मध्ये वीस फूट. कुत्र्यानं मुलाकडं बघितलं की उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. मूल दिसेनासं झालं की तुकडे बंद. पाच मिनिटांत आटपायचं, दिवसातून दोनदा. मुलाकडं बघून लगेच वळून तुकडा मागायला लागला, अंग सैल राहिलं, तर आठवड्यानं दोन फुटांनी अंतर कमी. तुकडा घेईना, टक लावून बघायला लागला, म्हणजे जवळ आलात, मागं सरका. मुलाच्या हातून कधीच भरवायचं नाही: तुकड्यासाठी कुत्रा भीती गिळून जवळ येतो, तुकडा संपतो, आणि मग त्याला कळतं की मूल तोंडापाशी आहे. महिने लागतात, आणि कधीकधी दहा फुटांच्या आत काम जातच नाही.

थाळीसाठी वेगळाच नियम आहे: दार लावून जेवण, आणि कुत्रा बाहेर आल्यावरच थाळी उचलायची. 'लहानपणापासून थाळीत हात घालायची सवय लावा' हा सल्ला उलटतो. ज्याचं अन्न सारखं कुणीतरी चिवडतं तो राखायला शिकतो. तोंडातलं काही काढून घ्यायचं असेल तर हिसकावू नका, चार पावलांवर चिकन टाका, तो तिकडं गेल्यावर उचला.

ट्रेनर ठरवताना विचारा: 'गुरगुरला तर तुम्ही काय करता?' काटेरी पट्टा, करंट, मार, उपाशी ठेवणं यांपैकी काही उत्तरात आलं तर नमस्कार करून निघा. 'महिनाभर आमच्याकडं सोडा, सुधारून देतो' म्हणणाऱ्यापासूनही लांब. अडचण तुमच्या घरात, तुमच्या पोराभोवती आहे, ती त्याच्या पिंजऱ्यात सुटत नाही.

मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार असेल आणि माहेरात कुत्रा असेल, तर सातव्या महिन्यापासूनच त्याची खोली, गेट, फिरायच्या वेळा बदलून ठेवा, म्हणजे बदलाचं आणि बाळाचं नातं त्याच्या डोक्यात जुळणार नाही. पाळणा आधीच बांधून ठेवा. आधी चावण्याचा इतिहास असेल, तर बाळंतिणीच्या मुक्कामापुरता कुत्रा दुसरीकडं ठेवणं हेच बरं. बारशाच्या दिवशी तर कुठलाही कुत्रा घरात मोकळा नको.

द्यायचा ठरला तर

आपल्याकडचं ठरलेलं वाक्य म्हणजे 'मळ्यात सोडू, तिकडं राखण होईल'. मळ्यात पोरं नसतात हा समज शहरातला. गड्यांची पोरं असतात, आणि गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या खोपी बांधाला लागतात तेव्हा रांगती बाळंही असतात. त्यात मळ्यातला कुत्रा दिवसभर साखळीला, न फिरवलेला, म्हणजे आधीपेक्षा जास्त चावरा. तिथल्या पोराला चावला तर दवाखाना इथल्यापेक्षा लांब. आपल्या पोराचा धोका दुसऱ्याच्या पोराच्या दारात नेऊन ठेवायचा नाही.

योग्य घर म्हणजे लहान मुलं नसलेलं, येणं-जाणं कमी असलेलं, कुत्र्यांचा अनुभव असलेलं, आणि नातवंडं सुट्टीला येत नाहीत असं. अशी घरं थोडी असतात, महिने शोधावं लागतं. देताना सगळं लिहून द्या: कधी, कुणाला, कसा चावला, कशानं चिडतो, लसीचं कार्ड, औषधं. लपवून दिलेला कुत्रा परत येतो किंवा रस्त्यावर येतो.

रस्त्यावर सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे. कुत्र्याबाबत निष्काळजीपणा करून दुसऱ्याच्या जिवाला धोका पोचवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विष घालणं हाही गुन्हाच. नोंदणी आणि लसीचे कागद जवळ ठेवा.

तिसरा मार्ग

खोल चावे, इशारा नाही, कारण सापडत नाही, अंग मोठं, आणि घेणारं घर मिळत नाही. किंवा असं दुखणं की जे बरं होणार नाही आणि त्यापायी तो रोज चिडलेला. अशा वेळी नोंदणीकृत पशुवैद्याशी दयामरणाबद्दल बोलावं लागतं. सगळेच पशुवैद्य वर्तनापायी तयार होत नाहीत, आणि त्यांनी आधी तपासण्या मागितल्या तर ते योग्यच आहे. नोंदींचं कॅलेंडर आणि जखमेचे फोटो बरोबर न्या. चाव्यानंतरचे दहा दिवस पूर्ण होण्याआधी हे करायचं नाही. आधी भूल, मग शेवटचं इंजेक्शन; कुत्र्याला पहिली सुई तेवढी कळते. शक्यतो पशुवैद्यांना घरी बोलवा, मुलं आत्याकडं किंवा मामाकडं असताना. पुरायची जागा आधी ठरवा. महापालिकेच्या हद्दीत विभागीय कार्यालयात विचारता येतं.

मुलांना 'गावाला गेला' सांगू नका, ती दर सुट्टीत विचारतात. चावा ज्या मुलाला बसला त्याला 'तुझ्यामुळं' असं घरातल्या कुणीही, रागात किंवा थट्टेतही, म्हणायचं नाही. त्याला कुत्र्यांचीच भीती बसली असेल, रात्री दचकून उठत असेल, तर दोन-तीन आठवडे वाट बघून मुलांच्या डॉक्टरांशी बोला. आणि पोराचं मन रमवायला म्हणून लगेच पिल्लू आणू नका. गेट काढू नका, तो पुढंही लागेल. घरातलं सगळ्यात लहान मूल सहा-सात वर्षांचं झालं, की मग बघा.